कानबाईची सव्वा मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशातल्या गावच्या घरी कानबाई ही देवी बसते. त्याच्या दोन दिवस आधी थोरली काकू माजघरात सूप घेऊन बसते आणि रोटांचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजते. माप तिच्या हाताचं. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ती नाव घेते, भरलेली मूठ सुपात सोडते आणि पाव मुठीचे दाणे अंदाजाने वरून टाकते. आबा, नाना, सुरतचा बापू. पुण्यातला तिचा पणतू चैत्रात जन्मला, त्याने हे घर अजून पाहिलेलं नाही, पण त्याचीही सव्वा मूठ पडली.

सुपाच्या या बाजूला माझी बहीण गहू निवडत होती. ती दरवर्षी नाशिकहून दोन दिवस आधी येते. पुरण तिच्या हातचं, गंगाफळाची भाजी तिच्या हातची, रोट लाटायलाही तीच. तिने गंमतीत विचारलं, "काकू, मनी मूठ कोठे शे?" काकू मान वर न करता म्हणाली, "पोरीसनी मूठ सासरले ऱ्हास वं माय." सगळे हसले. बहीणही हसली. तिचं सासर खानदेशाबाहेरचं आहे, तिथे कानबाई बसतच नाही. म्हणजे तिची मूठ कुठेच नाही.

त्याच सुपात आणखी एक नाव पडलं. आमचा एक चुलतभाऊ तीन वर्षांपासून घरच्यांशी बांधावरून दावा लढतोय. कानबाईला येत नाही, समोरून आला तर रस्ता बदलतो. काकूने त्याचं नाव घेताना आवाज जरा बारीक केला, पण मूठ भरून घातली आणि वरचे पाव मुठीचे दाणेही विसरली नाही.

मी धुळ्यात वकिली करतो. समाज आणि व्यक्ती यांच्या भांडणावरच माझं पोट चालतं म्हटलं तरी चालेल. या विषयावरची भाषणंही पुष्कळ ऐकली आहेत. एक वक्ता म्हणतो, समाजाशिवाय माणूस म्हणजे झाडावरून तुटलेलं पान. पुढचा म्हणतो, समाज म्हणजे बेडी. दोघांनाही टाळ्या पडतात. मला मात्र त्या सुपातलं दिसतं ते असं : जो भांडतो त्याची जागा आम्ही शाबूत ठेवली, आणि जी राबते तिला जागाच दिली नाही. पहिली गोष्ट मला आमच्या भाऊबंदकीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. दुसरीची लाज वाटते. दोन्ही एकाच बाईच्या एकाच मुठीतून होतात, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी शब्दाचं पाहू. आमच्याकडे 'समाज' हा शब्द पुस्तकातल्या अर्थाने कुणी वापरत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव. पाटील म्हणालात तर खानदेशात त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. चौधरी म्हणालात तरी तेच. मग तो जरा घुटमळतो आणि विचारतो, "कोणता समाज?" विचारलेली असते जात. मंगल कार्यालय समाजाचं, वसतिगृह समाजाचं, वधू-वर मेळावा समाजाचा, व्हॉट्सअॅपचा ग्रुप समाजाचा. सगळ्यांना मिळून जो समाज होतो, त्याच्यासाठी आमच्या बोलण्यात शब्दच उरलेला नाही. 'गाव' होता, पण तोही आता निवडणुकीपुरता.

तरी जातीच्या मंडळांची टिंगल करणाऱ्या माझ्या शिकलेल्या मित्रांशी माझं जमत नाही. वडील नाशिकच्या एका दवाखान्यात होते तेव्हा रात्री दोन वाजता रक्त लागलं. मी आमच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. पाऊण तासात तीन पोरं आली. ना ओळख ना पाळख. एक जण कंपनीतली रात्रपाळी सोडून आला होता. आडनाव त्यांना पुरलं. चहासुद्धा न घेता गेली. ज्याच्या घरी अशी रात्र येऊन गेलेली नाही, त्याने समाज हे सगळं थोतांड आहे असं खुशाल म्हणावं. मला म्हणता येत नाही.

पण त्या रात्रीचं आणखी एक आहे, आणि ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर सातपुड्यातली एक पावरा आदिवासी बाई होती. तिलाही रक्त हवं होतं. तिचा नवरा चिठ्ठी हातात धरून दाराशी बसला होता. फोन कुणाला करायचा हे त्याला माहीत नव्हतं. त्या तीन पोरांनी त्याला नाही म्हटलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारायचा तो मी, आणि मला ते सुचलं नाही. तो माणूस आमच्या ग्रुपवर नव्हता एवढंच त्याचं चुकलं. सकाळी खाट रिकामी होती. बाईला दुसरीकडे हलवलं की आणखी काही झालं, हेही मी विचारलं नाही.

आडनावावर चालणारा समाज मायाळू असतो, पण त्याची माया आडनाव संपलं की संपते. त्यात माणसाने काही करायचं नसतं, जन्माला आलं की झालं. पणतवाची सव्वा मूठ तो रांगायच्या आधीच ठरलेली असते. फुकट मिळालेल्या या जागेची किंमत मग भलत्या वेळी वसूल होते. पोरगी कुणाशी लग्न करते, पोरगा कुणाच्या घरी जेवतो, म्हाताऱ्याच्या उत्तरकार्याला किती पानं उठतात, मत कुणाला पडतं, या सगळ्यावर समाजाचा हक्क. कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक नसतं, कारण तो कुठल्या एका कामासाठी जमलेलाच नसतो.

कामासाठी जमलेला समाज कसा असतो ते मी लहानपणी आजोळी पाहिलं आहे. आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातून निघते, साक्री आणि धुळ्यावरून खाली जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर जागोजाग जुने दगडी बंधारे आहेत, आणि त्यांच्यावर काही शतकं फड पद्धत चालली. पाण्याच्या अभ्यासकांना ती ठाऊक असते. बाहेरच्या मराठी माणसाला सहसा नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंधाऱ्यावरून पाट निघतो. पाटाच्या पाण्याने भिजणारं सगळं रान म्हणजे थळ. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडलेले, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरवर्षी फेरपालट. कुठल्या फडात काय, हे शेतकरी आणि त्यांचे पंच बसून ठरवणार. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे प्रत्येक फडात असत. त्यामुळे ऊसवाला वेगळा आणि गहूवाला वेगळा अशी फूट पडायची नाही, आणि पाऊस कमी झाला म्हणून एखादा फड कोरडा ठेवायचा म्हटलं तर तोटा थोडा थोडा सगळ्यांच्याच वाट्याला यायचा. पाणी द्यायला पाटकरी. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी फोडायचं नाही, मग तो पाटील असो की आणखी कुणी. गुराढोरांपासून पीक राखायला जागल्या. उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून, ज्याला जमणार नाही त्याने बदली माणूस द्यायचा. पाटकऱ्याला आणि जागल्याला मोबदला धान्यात.

मामाला एका वर्षी ऊस हवा होता. गुळाला भाव होता आणि मामीच्या भावाचं लग्न तोंडावर आलेलं. पण त्याचा मोठा तुकडा ज्या फडात होता तो त्या साली गव्हाचा. मामा पंचांपुढे बराच तणतणला. मी पाराच्या कडेला बसून ऐकत होतो. एक म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, तू ऊस लावलास तर त्याला बारा महिने पाणी लागेल, मग तुझ्या चारही बाजूंच्या गव्हाने काय करायचं ते सांग आणि लाव. मामाला सांगता आलं नाही. त्याने गहू पेरला, वर्षभर कुरकुरला आणि पुढच्या साली पंचांत जाऊन बसला.

माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्याने याचं काय करावं? माझं उत्तर असं की असं बंधन सोसवतं, कारण ते कशासाठी आहे हे मामाला दिसत होतं, ते पाटलालाही लागू होतं, आणि ते जिथे ठरायचं तिथे मामाला तोंड होतं. आणखी एक गोष्ट आहे, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. फडाचा अधिकार पाटाबरोबर संपत असे. तुझं पीक कोणतं हे फड विचारायचा, सून कोणत्या जातीची हे विचारायचा नाही. ते गाव विचारायचं, भावकी विचारायची; तीच माणसं विचारायची, पण पंच म्हणून बसल्यावर नाही. त्या बैठकीत पाण्याशिवाय दुसरा विषय मी ऐकला नाही. नात्यातल्या वैऱ्यांनाही शेजारी बसून फडाचा हिशोब करावा लागे.

आता याची दुसरी बाजू. आजोळचा जागल्या भिल्ल होता. रात्रभर फडाभोवती फिरायचा. त्याच्या काठीचा आवाज मला अजून आठवतो. चारही फडांतल्या एकूण एक शेताची राखण त्याच्याकडे, आणि एकाही फडात त्याचा वीतभर तुकडा नाही. पंच बसायचे तेव्हा तो पारापासून थोडा लांब उभा असायचा. विचारलं तर बोलायचा. पाण्याच्या वाटणीत त्याला मत नव्हतं, कारण त्याच्याकडे भिजवायला काही नव्हतं. फडाची तारीफ करणारे अहवाल मी वाचले आहेत. त्यात जागल्या येतो तो नोकरांच्या यादीत.

म्हणून जुनं गाव किती छान होतं असं कुणी गळा काढून सांगू लागलं की मला बाबासाहेब आठवतात. १९३७ साली ते कोर्टकामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. इथल्या वकिलांना त्याचा अजून अभिमान आहे, काही जण तर अभिमानावरच थांबतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवाचा फुगा फोडला, आणि मसुद्याने खेडं बाजूला सारून व्यक्तीला एकक मानलं याचा आपल्याला आनंद आहे असं सांगितलं. खेडं ज्यांनी पारावर बसून पाहिलं त्यांना हे भाषण कडू लागतं. ज्यांच्या बापाने ते लांब उभं राहून पाहिलं त्यांना त्यात कडू काहीच लागत नाही.

आणि लांब उभं राहणाऱ्याला एकजूट कशी दिसते हे शहादा-तळोद्याकडे पाहिलं की कळतं. १९७०च्या आगेमागे तिकडच्या बागायतदारांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. नाव ऐकून वाटावं, काय सुरेख सहकार! वर्गणी, नेमलेले राखणदार, शिस्त. राखण करायची ती रानातून जाणाऱ्या भिल्ल-पावरा मजुरांपासून, ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी कर्जापायी हातच्या गेल्या होत्या. चोर ठरवून मारहाण करायलाही हीच यंत्रणा कामी आली. आजोळच्या फडातही एकजूट आणि शहाद्याच्या सोसायटीतही एकजूटच. आपसात दोन्हीकडे माणसं प्रामाणिक असतील. नुसती एकी पाहून समाज चांगला म्हणायची आपल्याकडे खोड आहे. ती एकी कुणाच्या विरुद्ध उभी आहे हे पाहायला कुंपणाच्या पलीकडे जावं लागतं.

त्या अन्यायाविरुद्ध आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना झाली, मजुरीचे आणि गेलेल्या जमिनींचे लढे झाले. या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातल्या बायका महत्त्वाच्या वाटतात. मजुरीसाठी मोर्च्यात चालता चालता त्यांनी गावोगावचे दारूचे अड्डे फोडायला सुरुवात केली. मडकी फुटली, आणि दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांनाही जाब द्यावा लागला. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नसेल का, की बाई, आत्ता आपली भांडणं बाहेर काढू नका, आधी मालकांशी लढू, समाज फुटेल? असं सांगणारे प्रत्येक चळवळीत असतात. बायकांनी ऐकलं नाही, आणि त्यामुळे संघटना फुटली नाही, उलट तिच्यात माणसं वाढली. आतून विचारलेल्या प्रश्नाने समाज मोडतो या सिद्धान्ताला खानदेशातलाच हा पुरावा पुरेसा आहे.

तरी तो सिद्धान्त मरत नाही. समाजाला धाक हवा, नाहीतर उद्या कुणीही उठून काहीही करेल, हे मी ऑफिसात महिन्यातून एकदा तरी ऐकतो. धाक म्हणजे वाळीत टाकणं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. २०१६ साली तो विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण आपल्या पंथाचं कामकाज चालवण्याच्या घटनादत्त हक्कावर त्यामुळे गदा येते असं बहुमताचं मत पडलं. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. समूहाचा हक्क मोठा की त्यातल्या एकट्याचा, हे आपल्या सगळ्यात मोठ्या कोर्टालाही एका बैठकीत सांगता आलेलं नाही. पारावरच्यांना ते कसं लगेच सुचतं कोण जाणे.

माझ्याकडे एक तरुण आला होता. जातीबाहेर लग्न केलेला. ठराव नाही, दंड नाही, कुणी तोंडाने वाळीत टाकलं म्हणालं नाही. फक्त आवतण बंद झालं. लग्नाच्या पत्रिका शेजारच्या दोन्ही घरी पडायच्या, मधलं घर वगळून. मग त्याची आजी गेली. गंधमुक्तीला त्याने चारशे पानांचा स्वयंपाक सांगितला होता. मांडवात सोळा माणसं जेवली, त्यातली पाच आचाऱ्याची. संध्याकाळी वरण-भात गुरांपुढे टाकला. हे सगळं त्याने अगदी शांतपणे सांगितलं आणि विचारलं, "साहेब, न जेवण्याबद्दल काही कलम आहे का?"

कलम आहे. साक्षीदार नव्हता. जो जेवायला आला नाही तो कोर्टात येऊन का सांगेल, की मला येऊ नको म्हणून सांगितलं होतं?

समाज खरा किती मजबूत आहे हे मला अशा वेळी कळतं. एका पोराच्या लग्नाने ज्याला धोका वाटतो तो मजबूत नाही, घाबरलेला आहे. आमच्या काकूच्या सुपात दावा लढणाऱ्या माणसाची मूठ पडते आणि आमचं घर अजून उभं आहे. त्याने कोर्टात आमच्याविरुद्ध शपथेवर काय काय सांगितलंय ते मी वाचलं आहे. त्यातलं निम्मं खोटं आहे आणि निम्मं, दुर्दैवाने, खरं. तरी त्याला काढून टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही. नाही म्हणणाऱ्याची जागा राहते, याची खात्री असली तरच हो म्हणणाऱ्याच्या हो ला काही अर्थ असतो. नाहीतर ती हजेरी.

एवढं बोलल्यावर मला व्यक्तिवादी म्हणतील. म्हणोत. पण मी कुणाचं काही लागत नाही, माझं मी मिळवलं, अशा ऐटीत फिरणाऱ्यांचंही मला पटत नाही, आणि त्यांची संख्या वाढते आहे. पांझरेकाठचे बरेच फड मोडले ते कुणाच्या जुलमाने नाही. विहिरींवर मोटारी आल्या, मग बोर आले, पाणी आपल्या खिशातलं झालं. शेजाऱ्याची गरज संपली तसा पाटातला गाळ काढायला माणूस मिळेना. मामाच्या मुलाने मनासारखा ऊस लावला, कुणी अडवलं नाही. सुटका होती ती, आणि ती खोटी नव्हती. तिकडे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात हीच सुटका पुढच्या टोकाला गेलेली दिसते. शेकडो फूट खोल बोर, एक आटला की दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. पाइप ज्याचा त्याचा असला तरी खालचं पाणी एकच आहे. एकाने खोल नेलं की शेजाऱ्याचं आटतं. फडात हे म्हाताऱ्याने तोंडावर विचारलं असतं. आता विचारायला जागा नाही, म्हणून बोरवाल्याची गाडीच रात्री येते. एकटेपणात माणूस मोकळा होतो हे खरं, पण आपल्या मोकळेपणाचं बिल कुणाकडे जातंय हे त्याला दिसेनासं होतं.

मग जोडणी नव्याने करायची ती कशावर? आडनावावर नको आणि प्रत्येकाच्या बोरवरही नको, तर उरतं ते समाईक काम. हे काही स्वप्नरंजन नाही. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा खानदेशात त्यांची भावकी नव्हती. बारा वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, तेव्हा त्याच्यासाठी खेडोपाडी वणवण करणाऱ्यांत ते होते. आज खानदेशात कुणालाही विचारा, गुरुजी कुठले? लोक अमळनेर सांगतील. त्यांची मूठ कुणी जन्माने मोजलेली नाही.

सुरतेत मी याचं साधं, घरगुती रूप पाहिलं. उधना-लिंबायत भागात खानदेशातली हजारो कुटुंबं लूमवर, साडीच्या कामावर गेली. बापूच्या चाळीत कानबाई बसते, पण तिथे भाऊबंदकी पुरेशी नाही. मग एकाच मजल्यावरच्या बायकांनी मिळून बसवली. त्यात तीन-चार जातींच्या होत्या, आणि एक वऱ्हाडातली, जिला कानबाई हे नावही आधी माहीत नव्हतं. गहू कसे मोजले म्हणून विचारलं तर बापूची बायको म्हणाली, घरटी एक वाटी. पुरुष किती ते मोजायला वेळ कुणाला, कामाची पाळी सुटून सगळ्या आठला येणार. गावाकडे हे सांगितल्यावर काकूने नाक मुरडलं. अशाने देवी पावत नाही म्हणाली. मला ती वाटी पटली. काम जिच्या दारात, मोजणी तिच्या हातात.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गव्हावरून एवढं? रोटात बहिणीचे दाणे पडले म्हणून तिला माहेरच्या जमिनीत वाटा मिळणार आहे का? नाही, तो कायद्याने आधीच आहे, आणि आमच्या भागातल्या बहुतेक बहिणींसारखा तिनेही तो हक्कसोड करून सोडला आहे. कागद मीच तयार केला होता. मी वकील, भाऊ, आणि त्या कागदाचा लाभार्थी. सहीच्या वेळी तिला विचारलं होतं, मनापासून देतेस ना? ती म्हणाली, भाऊ, माहेर तुटायला नको. त्या वाक्यात सगळंच आलं होतं, पण मला तेव्हा ते प्रेम म्हणून ऐकू आलं. आता वाटतं, तिलाही तिच्यापुरता आवतण बंद व्हायचा धाक होता, आणि धाक घालणाऱ्यांत मी होतो, काही न बोलता.

म्हणून यंदा सोमवारी कानबाई नदीवर पोहोचवून आल्यावर मी काकूला म्हटलं, पुढच्या साली हिची मूठ घाल. काकूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आमच्याकडे रोट पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात, आणि ते खायचे भाऊबंदांनीच. चुलतभावाच्या वाट्याचे उरले होते. काकूने डबा बांधायला सांगितला, बहिणीने बांधला, आणि नेऊन द्यायला मला पाठवलं. त्याने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, आत ये म्हणाला नाही. उंबऱ्यातच उभ्याने एक रोट तोडून खाल्ला.

"आक्कानी करात का?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने दुसरा घेतला आणि दाव्याची पुढची तारीख कधीची लागली आहे ते विचारलं. मी सांगितली.

मी परतलो तेव्हा बहीण नाशिकच्या एसटीसाठी निघाली होती. काकूने तिच्या पिशवीत पुरणपोळ्या घातल्या, गंगाफळाच्या भाजीचा डबा ठेवला, वर ओटीचे तांदूळ. रोट नाही. पुढल्या वर्षी चार दिवस आधी ये म्हणाली, आता डोळ्यांनी दिसत नाही, गहू निवडायला कुणीतरी हवं.